फारखत : वहीतली आणि संसारातली

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला 'फारखत' हा शब्द शाळेत शिकावा लागत नाही. ऋणको शेवटचा हप्ता घेऊन पेढीवर येतो, मुनीम खतावणीतील त्याचे पान काढतो, जमा आणि नावे यांचा मेळ घालतो, आणि यापुढे काही येणे राहिले नाही असा कागद लिहून त्यावर धनी सही करतो. तो कागद म्हणजे फारखत. तो हाती पडला की ऋणको मोकळा होतो आणि धनीही. पुढे दोघांनी पुन्हा व्यवहार करावा की करू नये, हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न.

आपल्या भाषेने हाच शब्द पतिपत्नींच्या ताटातुटीलाही लावला आहे. 'त्यांची फारकत झाली' असे आपण सहज म्हणून जातो. शब्द एक असल्यामुळे गोष्टही एकच असावी, असा समज मनात नकळत रुजतो. चार पंच बसले, मुद्रांक-कागद आला, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, देणेघेणे चुकते झाले, म्हणजे संसाराचे खातेही बंद झाले, असे अनेक सुबुद्ध गृहस्थ प्रामाणिकपणे मानतात. हा समज चुकीचा आहे, आणि या चुकीची किंमत बहुधा मुलीला व तिच्या लेकरांना द्यावी लागते. म्हणून व्यापाराच्या या स्मरणिकेत हा कौटुंबिक विषय मांडण्याचे धाडस करीत आहे. सभासद बंधू-भगिनींनी तो आपुलकीने वाचावा, अशी विनंती आहे.

एक कल्पित कागद

विवेचन सोपे व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. हुबळीच्या दाजीबान पेठेतील एका कापड-व्यापाऱ्याची कन्या निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी दिली. लग्न थाटात झाले. चार-पाच वर्षांत एक मुलगा झाला, पण मने जुळली नाहीत. मुलगी माहेरी आली. दोन्ही घरांत पिढ्यांची ओळख असल्यामुळे कोर्टाची पायरी चढण्याची कोणालाच इच्छा नव्हती. वडीलधारी मंडळी एका रविवारी बसली, चहापाणी झाले, आणि सायंकाळपर्यंत मुद्रांक-कागदावर तीन कलमे लिहून झाली.

पहिले कलम असे की, उभयतांचा विवाह आजपासून संपला असून दोघेही पुनर्विवाहास मोकळे आहेत. दुसरे असे की, पत्नीस एक ठरावीक रक्कम रोख मिळाली असून यापुढे ती पोटगी मागणार नाही. तिसरे असे की, चार वर्षांचा मुलगा पित्याकडे राहील आणि आईचा त्याच्यावर कोणताही हक्क राहणार नाही. खाली पाच पंचांच्या सह्या.

हा कागद सद्हेतूने लिहिला गेला, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पंचांना दोन्ही घरांची अब्रू राखावयाची होती. प्रश्न इतकाच आहे की, उद्या वेळ आली तर या तीन कलमांपैकी कोणते टिकेल? क्रमाने पाहू.

पहिले कलम : पंच विवाह मोडू शकतात काय?

आपला धारवाड जिल्हा १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत मुंबईकडे होता. त्यामुळे येथील जुन्या पिढ्यांना मुंबई उच्च न्यायालयाचे निवाडे बंधनकारक होते. त्या न्यायालयाने १८७६ साली एका फौजदारी प्रकरणात स्पष्ट सांगितले की, एखादा विवाह रद्द ठरविण्याचा किंवा पती हयात असता स्त्रीस दुसऱ्या लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार न्यायालये मानणार नाहीत. 'जातीने परवानगी दिली म्हणून आम्ही विवाह वैध समजलो' हा प्रामाणिक समजही बचाव म्हणून चालला नाही. म्हणजे पंचांच्या सहीने विवाह मोडत नाही, हे तत्त्व आपल्या भागात जवळजवळ दीडशे वर्षांचे आहे.

त्याच काळातील मुंबईचे एक गाजलेले प्रकरण अनेकांना ऐकून ठाऊक असेल. बालवयात लग्न झालेल्या रुखमाबाईंनी पतीकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. पतीने १८८४ साली दावा लावला. १८८५ साली निकाल रुखमाबाईंच्या बाजूने लागला. अपिलात तो फिरला, आणि १८८७ साली 'नांदावयास जा, नाहीतर कारावास भोग' असा हुकूम झाला. त्यांनी कारावास पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि पतीने आपला दावा पुढे चालविला नाही. पण या तडजोडीने नांदविण्याची मागणी तेवढी मिटली. विवाह मोडण्याची सोय तेव्हाच्या हिंदू कायद्यात नव्हतीच. रुखमाबाई इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली, आणि पुन्हा विवाह केला नाही. पैशाने भांडण मिटते, नाते मिटत नाही, याचे याहून ठळक उदाहरण सापडणार नाही.

पुढे कायद्याची पावले हळूहळू पडत गेली. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांताने १९४६ साली द्विभार्याप्रतिबंधक कायदा आणि १९४७ साली हिंदू घटस्फोट कायदा केला. त्या वेळी आपण मुंबई प्रांतातच होतो. म्हणून मध्यवर्ती कायदा होण्याच्या आठ वर्षे आधी ही वाट आपल्या जिल्ह्यात मोकळी झाली होती. द्विभार्याप्रतिबंधक कायद्यास आव्हान दिले गेले, तेव्हा १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला व न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी तो ग्राह्य ठरविला. १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायदा अमलात आला आणि हे प्रांतिक कायदे त्यात विलीन झाले. रुखमाबाईंचे निधन त्याच वर्षी सप्टेंबरात झाले. ज्या सुटकेचा मार्ग त्यांच्या तारुण्यात नव्हता, तो अखिल भारतात खुला झालेला त्यांच्या हयातीतच घडला.

येथे आपल्या समाजातील एका शंकेचे निरसन करणे अवश्य आहे. 'आम्ही जैन, आमचा धर्म स्वतंत्र, मग हिंदू विवाह कायदा आम्हांला लागू कसा?' असे विचारले जाते. १९५५ च्या कायद्याच्या दुसऱ्या कलमातच बौद्ध, जैन व शीख यांचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने जैन समाजास अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले, तेव्हा ही शंका पुन्हा उठली. इंदूरच्या एका कौटुंबिक न्यायालयाने तर २०२५ च्या फेब्रुवारीत, जैन पक्षकारांना या कायद्याखाली दाद मागता येत नाही असे म्हणून अर्ज फेटाळले. परंतु मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात तो निर्णय रद्द केला. अल्पसंख्याक म्हणून मान्यता मिळाल्याने विवाहकायद्यातील आपले स्थान बदललेले नाही. धर्म आपला स्वतंत्र आहे, विवाहाचा कायदा मात्र हाच आहे.

दुसरी शंका प्रथेची. काही ज्ञातींत काडीमोड वा सोडचिठ्ठीची जुनी चाल होती व आहे. १९५५ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाने अशा रूढीने मिळणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, हे खरे. पण रूढी आहे असे नुसते म्हणून भागत नाही. ती प्राचीन आहे, अखंड आहे, आणि आपल्या ज्ञातीत निश्चितपणे पाळली जाते, हे पुराव्याने शाबीत करावे लागते. कर्नाटकातूनच सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात घटस्फोटाचा कागद १९८२ सालचा होता. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाहिले, तो त्या ज्ञातीत अशी रूढी होती की नाही, हा मुद्दाच खाली काढला गेला नव्हता. प्रकरण पुन्हा पहिल्या पायरीवर धाडण्यात आले. वीस वर्षे लोटली आणि त्या दोघांचा विवाह आहे की नाही, हे ठरावयाचेच राहिले! ज्या ज्ञातीत अशी रूढी नाही, तेथे तर त्या कागदास घटस्फोट म्हणून काहीच किंमत नाही.

तिसरी शंका खास व्यापाऱ्याची. मालाच्या प्रतीचा, भावाचा, भागीदारीचा तंटा आपण लवादाकडे नेतो, आणि लवादाचा निवाडा न्यायालयही मानते. मग विवाहाचा तंटा का नको? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली एका व्यापारी प्रकरणातच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. दोन पक्षांतील आपापसांतील हक्क लवादाने ठरविता येतात. परंतु ज्याचा परिणाम साऱ्या जगावर होतो, असे प्रश्न न्यायालयानेच ठरवावे लागतात. घटस्फोट, मुलांचा ताबा आणि पालकत्व यांची गणना त्या न्यायालयाने याच दुसऱ्या वर्गात केली. कर्ज फिटले की नाही, हे ऋणको आणि धनी यांच्यापुरते असते. अमुक स्त्री अमक्याची पत्नी आहे की नाही, हे मात्र तिच्या भावी पतीला, सासरला, वारसांना, बँकेला, सरकारला, सर्वांनाच जाणून घ्यावयाचे असते.

आता आपल्या कल्पित कागदाकडे वळू. त्या कागदावर विसंबून मुलीचे दुसरे लग्न लावले, तर ते लग्न मुळातच निरर्थक ठरते. पूर्वीचा भारतीय दंडविधान आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेली भारतीय न्याय संहिता या दोहोंतही पती वा पत्नी हयात असता केलेले दुसरे लग्न गुन्हा आहे. नव्या संहितेत तो ८२ व्या कलमात असून शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. ज्या स्थळाने विश्वासाने ही मुलगी पत्करली, त्याचीही फसगत होते. आणि जर निपाणीच्या मुलाने दुसरे लग्न केले, तर त्या दुसऱ्या पत्नीची स्थिती काय होईल, याचा विचार पंचांनी केला होता काय? अशा लग्नाची अपत्ये मात्र १९५५ च्या कायद्याच्या १६ व्या कलमाने औरस मानली जातात. कर्नाटकातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरविले की, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मातापित्यास जो वाटा आला असता, त्यात या अपत्यांनाही हिस्सा आहे. म्हणजे त्या रविवारचा कागद पुढे पेढीच्या वाटणीपर्यंत जाऊन पोहोचतो.

दुसरे कलम : 'पोटगी मागणार नाही'

रोख रक्कम घेऊन पोटगीचा हक्क कायमचा सोडणे, हे व्यापारी दृष्टीस अगदी स्वच्छ वाटते. ठोक सौदा झाला, पावती झाली. पण कर्नाटकातीलच एका प्रकरणात पत्नीने पोटगीच्या अर्जात ८,००० रुपये एकरकमी घेऊन, पुढे काही मागणार नाही असे मान्य केले होते. नंतर तिने दिवाणी कायद्याखाली निर्वाहासाठी दावा केला. पतीने जुनी तडजोड पुढे केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पत्नीचा दावा चालू शकतो असे ठरविले. निर्वाहाचा हक्क मुळातून सोडून देण्याचा करार सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे, असे त्यामागचे तत्त्व. उपाशी माणसाने आपली भूक विकली, तरी भूक राहतेच.

लग्नापूर्वीच्या करारांचीही हीच कथा. जावई सासुरवाडीस राहील आणि पत्नीला दुसरीकडे नेणार नाही, असा लग्नाआधीचा करार कलकत्ता उच्च न्यायालयाने १९०१ सालीच अग्राह्य ठरविला. विवाहाच्या मूळ कर्तव्यांस छेद देणारा करार हिंदू कायद्यास मान्य नाही, आणि १८७२ च्या करार कायद्याचे २३ वे कलमही सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार रद्द ठरविते. हल्ली सुशिक्षित घरांत असे करार करण्याची चर्चा चालते. त्यांनी हे ध्यानी ठेवावे.

याला आपल्या शेजारचाच अपवाद आहे. मडगाव-म्हापशाशी ज्यांचा व्यापार आहे, त्यांना तो अनुभवाने ठाऊक असेल. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता अजून चालू आहे. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या कायद्याने तेथील जुने कायदे कायम ठेवण्यात आले. त्या संहितेप्रमाणे वेगळा करार केलेला नसेल, तर पतिपत्नींची मिळकत सामाईक होते. वेगळी व्यवस्था हवी असेल, तर लग्नापूर्वी रीतसर नोंदणीचा दस्तऐवज करावा लागतो, आणि लग्नानंतर तो बदलता येत नाही. म्हणूनच गोव्यातील घर वा जागा विकत घेताना पतीबरोबर पत्नीची सही मागितली जाते. तेथे सोयरीक करताना हा भेद आधी समजून घ्यावा. हुबळीचा रिवाज तेथे आणि तेथील रिवाज हुबळीत चालणार नाही.

मग विवाहाच्या बाबतीत व्यापाऱ्याच्या हिशेबी वळणाचा उपयोगच नाही काय? आहे, आणि फार मोठा आहे. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याखाली १९८५ साली नियम झाले. त्यांप्रमाणे लग्नात मिळालेल्या भेटींची लेखी यादी करावयाची असते. वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजी किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते, आणि वधूवरांच्या सह्या. आपण लग्नात आहेराची वही ठेवतोच. तीच काळजीने लिहिली तर निम्मे तंटे उभेच राहणार नाहीत. स्त्रीधनाबाबतही असेच. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, स्त्रीधन सासरच्या ताब्यात असले तरी मालकी पत्नीचीच राहते. सासरची मंडळी ते विश्वस्त म्हणून सांभाळतात, आणि ते परत न दिल्यास गुन्हा घडू शकतो. हंगामाच्या तोंडी भांडवल कमी पडले म्हणून सुनेचे दागिने गहाण टाकले जातात, हे आपल्यापैकी कितीजणांच्या घरी घडलेले असेल! तिच्या राजीखुशीने घेतले असतील, तर तिच्या नावे जमेस धरून तसे वहीत लिहावे. परक्या ठेवीदाराची ठेव आपण एका दिवसाने चुकू देत नाही. घरच्या सुनेची ठेव तितकीच पवित्र मानावी.

तिसरे कलम : मूल कोणाचे?

तिसऱ्या कलमाविषयी लिहिताना मन जड होते. पहिल्या दोन कलमांवर निदान सह्या करणारी माणसे सज्ञान होती. तिसरे ज्याच्याविषयी आहे, तो चार वर्षांचा पोर त्या दिवशी शेजारच्या खोलीत खेळत असेल.

१८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा यांचे सार एका वाक्यात सांगता येते : मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार. १९५६ च्या कायद्याचे १३ वे कलम हेच सांगते. पित्याचा हक्क, मातेचा हक्क, पंचांचा ठराव, सारे त्याच्या खालचे. त्याच कायद्याच्या ६ व्या कलमाप्रमाणे पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावे. म्हणजे आपल्या कल्पित कागदातील तिसरे कलम कायद्याच्या सामान्य दिशेच्या उलटच आहे. न्यायालय ते विचारात घेईल, पण त्याने बांधले जाणार नाही. शिवाय १९५५ च्या कायद्याच्या २६ व्या कलमान्वये मुलांच्या ताब्याचा व शिक्षणाचा हुकूम न्यायालय परिस्थितीप्रमाणे पुढेही बदलू शकते. मुलाविषयीचे कोणतेही पान कायमचे मिटत नाही.

पिता हयात असेपर्यंत आईस पालकत्व नाही, असाही एक जुना समज आहे. महाराष्ट्रातील एका प्रकरणात पिता हयात होता, पण फार वर्षांपूर्वी विभक्त झालेला, आणि मुलीकडे त्याचे लक्ष नव्हते. मुलीची जमीन आईच सांभाळीत होती व तिने ती खंडाने दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली आईस नैसर्गिक पालक मानून तिने दिलेला खंड ग्राह्य धरला. पुढे लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात प्रश्न थेट पैशाच्या व्यवहाराचाच होता. मुलाच्या नावे रिझर्व बँकेचे रोखे घेताना पालक म्हणून आईची सही चालेल काय? १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, कायद्यातील 'पित्यानंतर माता' या शब्दांचा अर्थ 'पित्याच्या मृत्यूनंतर' असा घेऊ नये. पिता लक्ष घालीत नसेल, दूर असेल वा असमर्थ असेल, तर त्याच्या हयातीतही माता पालक होते.

व्यापारी कुटुंबांनी याच कायद्याचे ८ वे कलमही पाठ करून ठेवावे. मुलाच्या मालकीची स्थावर मिळकत विकणे, गहाण टाकणे, बक्षीस देणे, किंवा पाच वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देणे, हे नैसर्गिक पालकासही न्यायालयाच्या परवानगीवाचून करता येत नाही. नातवाच्या नावे घेतलेले गोदाम घटस्फोटाच्या तडजोडीत परस्पर 'इकडचे तिकडे' करण्याचा मोह होतो. तो आवरावा.

मूल हे खतावणीतील येणे नव्हे की देणे नव्हे. त्याला आईची कूसही लागते आणि बापाचे बोटही लागते. सुटीत कोणाकडे राहील, पर्युषणात कोणाबरोबर मंदिरी जाईल, शाळेची फी कोण भरील, आजारपणी कोणाला आधी कळवावे, आजी-आजोबांना केव्हा भेटेल, या गोष्टी दोन्ही घरांनी मोठ्या मनाने ठरविल्या, तर न्यायालय त्या आनंदाने मान्य करील. 'आईचा हक्क राहणार नाही' हे वाक्य मात्र कोणत्याही कागदावर लिहू नये. ते कायद्यात टिकत नाही, आणि मुलाच्या मनात मात्र कायमचे टिकते.

सरळ वाट

आता मंडळी विचारतील, मग करावयाचे काय? भांडत वर्षानुवर्षे कोर्टात बसावयाचे? मुळीच नाही. १९७६ च्या दुरुस्तीने १९५५ च्या कायद्यात '१३ ब' हे कलम आले. पतिपत्नी एक वर्ष वा अधिक काळ विभक्त राहिली असतील, एकत्र नांदणे अशक्य झाले असेल, आणि विवाह संपविण्यास उभयतांची संमती असेल, तर दोघांनी मिळून एकच अर्ज करावयाचा. त्यानंतर सहा महिन्यांनी, पण अठरा महिन्यांच्या आत, दोघांनी पुन्हा हजर होऊन संमती कायम असल्याचे सांगावयाचे. न्यायालयाची खात्री झाली की हुकूमनामा होतो. हा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणी माफ करता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितले. मात्र हुकूमनामा होईपर्यंत कोणाही एकास संमती मागे घेता येते, असेही त्याच न्यायालयाने १९९१ साली ठरविले आहे. म्हणून अर्ज दिला म्हणजे काम झाले, असे समजून घाईने दुसरे स्थळ पाहू नये.

कोणी म्हणेल, 'सर्वोच्च न्यायालय आता संसार मोडलेलाच आहे असे पाहून थेट घटस्फोट देते ना?' होय. २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने तसा अधिकार मान्य केला आहे. परंतु तो राज्यघटनेच्या १४२ व्या अनुच्छेदाखालचा, केवळ त्या न्यायालयाचा व अपवादाने वापरावयाचा अधिकार आहे. सामान्य माणसाची वाट '१३ ब' हीच.

आणि याच वाटेवर पंचांची खरी गरज आहे. त्या रविवारी जमलेली वडीलधारी मंडळी, त्यांचे वजन, त्यांची भीडमुर्वत, त्यांचे व्यवहारज्ञान, यांतले काहीही वाया जात नाही. बदलावयाचा आहे तो फक्त कागदाचा पत्ता. कागदाने स्वतः विवाह मोडल्याचे जाहीर करू नये. त्याने न्यायालयापुढे संयुक्त अर्ज करण्याचे ठरवावे, स्त्रीधनाची यादी जोडावी, निर्वाहाची रक्कम व ती देण्याची तारीख लिहावी, मुलाची व्यवस्था नोंदवावी, आणि मग तो कागद न्यायाधीशापुढे ठेवावा. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचेच कर्तव्य ठरविले आहे. तेव्हा समेटाची बुद्धी घेऊन जाणाऱ्या कुटुंबास तेथे परकेपणा वाटण्याचे कारण नाही. अपिलासाठी पूर्वी आपल्या लोकांना बंगळूरची वारी करावी लागे. २००८ साली धारवाडला उच्च न्यायालयाचे फिरते पीठ आले आणि २०१३ साली ते कायम झाले. तीही अडचण आता राहिली नाही.

एक गोष्ट मात्र वकिलाच्या वा पंचांच्याही आधी घरातल्या माणसांनी करावयाची आहे. मुलगी पहिल्यांदा रडत माहेरी येते, तेव्हा 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न बाजूला ठेवून तिचे म्हणणे पूर्ण ऐकावे. जिथे मारहाण वा छळ आहे, तेथे तडजोडीच्या बैठकीची वाट पाहू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला संरक्षणाचा आणि सासरच्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे. पैशाअभावी तिची कुचंबणा होऊ नये म्हणून पोटगीचा वेगळा अर्जही करता येतो. तो पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमाखाली होता, तो आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाखाली आहे.

आपल्या कल्पित कागदाची ती मुलगी आज कोठे असेल? कदाचित तिच्या वडिलांनी तो कागद तिजोरीत जपून ठेवला असेल, आणि एखादे चांगले स्थळ चालून आले असेल. त्या कुटुंबप्रमुखास हात जोडून एवढेच सांगणे आहे. तिजोरी उघडून तो कागद पुन्हा वाचा. त्यावर न्यायालयाचा हुकूमनामा जोडलेला नसेल, तर स्थळाला होकार देण्यापूर्वी तो मिळवा. निपाणीच्या मंडळींना फोन करा. मनातील कटुता आता ओसरली असेल, आणि दोघांनी मिळून अर्ज करण्यास कोणाचीच हरकत नसेल. आणि त्या लहानग्याला आईची भेट घडवा.

दिवाळीला आपण नव्या वहीवर 'श्री' लिहितो, ते जुन्या वहीचा मेळ पुरा घालूनच. जुने खाते अर्धवट ठेवून नवी वही उघडणारा व्यापारी आपल्या पेठेत शहाणा समजला जात नाही. संसाराच्या वहीचाही नियम तोच आहे. फरक इतकाच की, ती मिटविण्याची सही पेढीच्या धन्याची नव्हे, न्यायासनाची असते.